फेरफार झाल्याचे दिसते

आज लॅबमध्ये पुन्हा एक ट्रक नदीत पडला. पोरांनी टेबलं वाजवली, कोणीतरी शिट्टी मारली आणि मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मॅडम, ड्रायव्हर वाचला का?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्याला दर वर्षी वाटतं की तो जगात त्यालाच पहिल्यांदा सुचला. मी सांगते की आत ड्रायव्हर नाही, ते चित्र आहे, आणि पुलाचा खालचा दांडा उदबत्तीएवढा बारीक घेतलास तर ट्रक पडणारच. मग सगळे हसतात. पूर्वी मीही हसायचे.

बोरीवलीतल्या एका खासगी कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. सिव्हिल डिप्लोमाच्या पोरांना पूल शिकवायला आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर नदी दिसते, तिचे दोन काठ दिसतात आणि मधे चौकटीच्या वहीसारखी जागा. तिथे माउसनं सांधे मांडायचे, ते पोलादी दांड्यांनी एकमेकांना जोडायचे, दांडा किती जाड, भरीव की पोकळ, हे ठरवायचं. मग बटण दाबलं की ट्रक येतो. ट्रक पुलावरून जाताना दबणारे दांडे लाल होतात, ताणले जाणारे निळे. पूल टिकला तर ट्रक पलीकडे पोचतो. नाही टिकला तर काय होतं ते वर सांगितलंच.

हे सगळं चालतं ऑक्टोबरात. नवरात्र संपतं, मैदानांतले गरब्याचे मंडप उतरतात, बांबू टेम्पोत चढतात आणि दुसऱ्या दिवसापासून ऊन असं काही पेटतं की नॅशनल पार्ककडून येणारा वारासुद्धा भाजून निघालेला असतो. आमच्या लॅबमध्ये दोन एसी आहेत. एक चालतो, दुसरा नुसता गळतो, त्याच्याखाली बादली ठेवलेली असते. कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते, गरम कागदाचा आणि स्पायरल बाइंडिंगच्या प्लास्टिकचा वास जिन्यापर्यंत येतो. या दिवसांना आमच्याकडे फक्त एक शब्द आहे, सबमिशन. पोरांचे चेहरे उतरलेले, केस विस्कटलेले, तोंडात एकच वाक्य, "मॅडम, वाट लागली." मला हे दिवस फार आवडायचे. आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायचं. आता ऑक्टोबर आला की राग येतो, आणि तो साधासुधा येत नाही.

कोणाचा राग, हे मला बरेच दिवस नीट सांगता येत नव्हतं. यादी मोठी होती. सर्वात आधी त्या सॉफ्टवेअरचा. कुठल्या तरी परदेशी मास्तरांनी त्यांच्या पोरांसाठी बनवलेलं, फुकट मिळालेलं, आणि आमच्याकडे ज्यानं ते चढवलं तो नोकरी सोडून गेला त्याला युग झालं. तेव्हापासून त्याची बाळंतपणं मी करते. छोट्या पडद्याच्या मशीनवर ट्रक सोडायचं बटण खालच्या पट्टीच्या मागे लपतं. नवीन पोरगं अर्धा तास ते शोधतं आणि लाजेनं विचारत नाही. सात नंबरच्या मशीनवर ट्रक निघाला की पडदा काळा होतो. तिथे झाडं, डोंगर, पाणी हे सगळं बंद करून साध्या रेघांच्या चित्रावर चालवायचं. दोन सांध्यांमधून लांब दांडा ओढला आणि वाटेत तिसरा सांधा आला तर डोळ्यांना वाटतं जोडला गेला. तो जोडला गेलेला नसतो, नुसता वरून गेलेला असतो. पोरं डोकं धरून बसतात, "मॅडम, सगळं बरोबर आहे यार, तरी पडतोय." मी त्या सांध्यावर बोट ठेवते. हे इलाज मला पाठ आहेत. कोणत्या मशीनला काय आजार आहे ते मी नुसत्या आवाजावरून सांगते.

एक आजार मात्र मला माहीत नव्हता. तो तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात समजला आणि तो एका मुलीला भोवला.

तिचं नाव जागृती. ती मनोरीची, कोळ्यांची मुलगी. वडिलांची होडी, आई बोरीवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. रोज सकाळी मनोरीहून गोराईला यायचं, गोराईहून बोटीनं खाडी ओलांडायची, मग बस. पहिल्या महिन्यात शेजारच्या मुलीनं नाकाला रुमाल लावून खिडकी उघडली तेव्हा जागृती शांतपणे म्हणाली, "ती दुसरी पण उघड गं, मला पण गरम होतंय." त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली. शिकवणाऱ्यानं आवडनिवड करू नये म्हणतात. मी शिकवत नाही, मी लॅब सांभाळते, त्यामुळे मला चालतं.

आमच्या विभागप्रमुख सरांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "वा, मनोरीची का? मग काय, गावाला पूल बांधणार?" सगळ्यांना वाटतं खाडीपलीकडच्या माणसाला पूलच हवा असतो. ती म्हणाली, "नको सर. पूल झाला की बंगलेवाले येतील, मग आम्ही कुठं जाऊ? मला दुसरीकडचे बांधायचेत." सर हसले. मलाही हसू आलं. ती मात्र हसली नव्हती.

सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडावर एकच संदेश फेकतं, रचना अस्थिर आहे. पोरं सुंदर चौकोनांचे पूल काढतात, अगदी इमारतीच्या खिडक्यांसारखे, आणि ट्रक यायच्या आधीच ते कोलमडतात. जागृतीनं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चौकोन हलणारच ना. आमच्याकडे बोंबील सुकवायला बांबूची वलांडी बांधतात. बाबा प्रत्येक खांबाला एक तिरका बांबू मारतात. नाय मारला तर वारा आला की सगळी वलांडी आडवी." तिनं प्रत्येक चौकोनात एक तिरका दांडा टाकला. संदेश गेला. त्या दिवशी अर्ध्या वर्गानं तिच्या पडद्यात डोकावून तिरके दांडे टाकले आणि एकानंही तिला थँक्यू म्हटलं नाही.

ती हुशार होती, हे सांगायची गरज नाही. ती चिकट होती, हे सांगायला हवं. पूल टिकला की बाकीची पोरं मोबाइल काढायची. ही तिथून सुरू करायची. हा दांडा पोकळ घेतला तर चालेल का, हा एक सांधा खाली ओढला तर वरच्या दांड्याचा लाल रंग फिका होतो का. ट्रक शंभर वेळा सोडायची. पोलादाचं वजन थोडं थोडं उतरवत न्यायची. मी बादलीतलं पाणी ओतायला उठले की मला थांबवून दाखवायची, "बघा ना मॅडम, अजून कमी झालं." तिच्या पुलात एकही दांडा उगाच नव्हता.

आता नावाकडे येते.

सॉफ्टवेअर सुरुवातीला बनवणाऱ्याचं नाव विचारतं. सगळे इंग्रजीत लिहितात. त्या वर्षी कॉलेजात मराठीचा पंधरवडा दणक्यात झाला होता. फलकावर नोटीस लागली होती की यापुढे सर्व सबमिशनवर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव देवनागरीत असावे. खाली विभागप्रमुखांची सही. पोरांनी ती नोटीस वाचली आणि विसरली, कारण नोटिसा त्यासाठीच असतात. जागृती विसरली नाही. तिनं कळफलक मराठी केला आणि त्या चौकटीत आपलं, वडिलांचं आणि आडनाव, असं पूर्ण नाव लिहिलं. मी मागेच उभी होते.

"मराठीत?" मी विचारलं.

"इंग्रजीत माझ्या नावाची तीन स्पेलिंगं आहेत मॅडम. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, इथल्या आयकार्डवर तिसरं. मराठीत एकच आहे. आणि नोटीस पण आहे ना."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

हे दोन शब्द माझे आहेत. ते मी विसरू शकत नाही.

शनिवारी पाच वाजेपर्यंत फायली मशीनवर ठेवायच्या होत्या. पेन ड्राइव्हला बंदी, व्हायरस येतात म्हणून. साडेचारला जागृतीनं सर्वांसमोर शेवटचा ट्रक सोडला. तो अलीकडून निघाला, पुलाच्या मध्यावर खालचे दांडे गडद निळे झाले, आणि तो पलीकडे गेला. पोरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तिनं फाईल सेव्ह केली, मशीन बंद केलं आणि बोट पकडायला पळाली.

सोमवारी दुपारी दोनला परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते, गृहस्थ घाईत होते, त्यांना अजून एका कॉलेजात जायचं होतं. प्रत्येक मशीनवर फाईल उघडायची, ट्रक सोडायचा, दोन प्रश्न विचारायचे, गुण टाकायचे. जागृतीच्या मशीनवर त्यांनी फाईल उघडली आणि पडद्यावर आलं, फाईल वाचता येत नाही. त्यांनी पुन्हा उघडली. पुन्हा तेच.

"मॅडम, शनिवारी चालला होता ना? तुम्ही बघितलात ना?" जागृती माझ्याकडे वळून म्हणाली. तिचा आवाज अजून साधा होता. तिला खात्री होती की हा मशीनच्या नेहमीच्या आजारांपैकी एक आहे.

परीक्षक म्हणाले, "तुम्ही बघा काय ते, मी चहा घेऊन येतो." ते सरांच्या केबिनमध्ये गेले.

मी खुर्ची ओढून बसले. फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आत तिचा सगळा पूल होता. कितवा सांधा कुठे, कोणता दांडा कुठून कुठे, किती जाड, सगळे आकडे ओळीनं उभे. फक्त अगदी वर, जिथे नाव असायला हवं तिथे, प्रश्नचिन्हं आणि चौकोनांची रांग. बघता क्षणी डोक्यात प्रकाश पडला. त्या जुन्या सॉफ्टवेअरनं नावासाठी ठराविक घरं ठेवलेली. इंग्रजी अक्षर एक घर घेतं. मराठी अक्षर काना-मात्रा धरून कितीतरी जास्त घरं घेतं. नाव मावलं नाही, पुढचे सगळे आकडे सरकले, आणि सॉफ्टवेअरला दांड्यांच्या जागी भलतंच काहीतरी सापडलं. शनिवारी ट्रक गेला कारण तेव्हा पूल त्याच्या डोक्यात उघडाच होता. बंद केल्यावर तो परत वाचताना घोळ झाला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आजार सापडल्याचा आनंद डॉक्टरला होतो तसा. मी ती प्रश्नचिन्हं पुसली, तिचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं, मोकळी घरं मोजून भरली, सेव्ह केलं. फाईल उघडली. ट्रक गेला. जागृतीनं माझा हात धरून दाबला. घड्याळात दोन चाळीस झाले होते.

आणि मूळ फाईलची प्रत मी काढून ठेवली नव्हती. आधी प्रत काढा, मग हात लावा, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते. माझ्याच अकलेचा मला इतका आनंद झाला होता की मी ते विसरले.

परीक्षक आणि सर दोघंही आले. मी उत्साहात सांगायला सुरुवात केली, नावाची घरं, सरकलेले आकडे. परीक्षकांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी फाईलची वेळ बघितली. आजची तारीख, दोन चाळीस. "मुदत शनिवारी पाचची. ही फाईल आता बदललेली आहे. मी हिला गुण देऊ शकत नाही. उद्या माझ्यावर कोणी बोट ठेवलं तर?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, मी बदललं. उघडावी म्हणून. पूल तिचाच आहे, सगळ्या वर्गानं बघितलाय."

"केबिनमध्ये या," सर म्हणाले.

केबिनमध्ये एसी नीट चालतो. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. ते अगदी मऊ बोलले. "मॅडम, तुम्ही केलंत असं कुठे लिहू नका. परीक्षेच्या वेळेत विद्यार्थ्याच्या फाईलला हात लावला, हे किती मोठं होतं ठाऊक आहे ना? जूनमध्ये तुमच्या कंत्राटाचं रिन्यूअल आहे. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. पोरीला आपण परत सबमिशन करायला लावू, तिचं काही बिघडत नाही." मी नोटिशीचं म्हटलं तर म्हणाले, "अहो, ती कागदी फायलींसाठी होती. सॉफ्टवेअरमध्ये कोणी मराठीत लिहितं का?"

मग त्यांनी क्लार्कला सांगून दोन ओळी टाइप करून घेतल्या. सदर विद्यार्थिनीची फाईल परीक्षेच्या वेळी उघडली नाही. तपासणीत फाईलमध्ये मुदतीनंतर फेरफार झाल्याचे दिसते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जालन्याकडून मुंबईत आले, शाळेत शिपाई झाले आणि रात्रशाळेत लिहायला-वाचायला शिकले. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत विजेचं बिल आलं तरी ते त्यावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचायचे. म्हणायचे, "वाचल्याशिवाय सही करायची नाही बाई. आपल्या आज्याचे अंगठे लोकांनी असेच घेतले." मी ती दोन ओळींची चिठ्ठी वाचली. नीट वाचली, दोनदा वाचली. न वाचता सही केली असती तर निदान फसवलं म्हणून रडता आलं असतं.

मी वाचून सही केली.

मला या वाक्याचा इतका संताप येतो की सांगता सोय नाही. फेरफार झाल्याचे दिसते. कोणी केला? कोणी नाही. तो झाला. जसा ताप येतो, जशी संध्याकाळ होते, तसा तो आपोआप झाला आणि आम्हाला तो फक्त दिसला. शाळेत व्याकरण शिकवताना बाई विचारायच्या, वाक्यातला कर्ता कोण? ऑफिसच्या मराठीत कर्ता नसतोच. विलंब झाला. दुर्लक्ष झाले. कार्यवाही करण्यात येईल. माणसं अशी वाक्यं लिहितात आणि त्यांच्या मागे लपतात, आणि वर म्हणतात भाषा वाचवा. पंधरवडे करतात. व्याख्यानं ठेवतात. आणि एक मुलगी खरोखरच आपलं नाव आपल्या भाषेत लिहिते तेव्हा तिच्या नावानं त्यांचं सगळं यंत्र बिघडतं. कर्ता नसलेल्या वाक्याची गंमत अशी की मोकळी जागा तशीच राहत नाही. वाचणारा ती भरतो. फाईल जागृतीची, तर फेरफार करणारी कोण? जागृतीच, आणखी कोण?

परत सबमिशनची संधी दिली गेली नाही. फेरफाराचा शेरा आहे तर संधी कशी द्यायची, असं वर ठरलं. हे 'ठरलं'सुद्धा बघा. तिचं ते सत्र नामंजूर झालं, हॉल तिकीट आलं नाही. सहा महिने गेले.

त्या आठवड्यात तिची आई आली होती. बाजारातून थेट, पाटी कोणाच्या तरी भरवशावर ठेवून. ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून क्लार्कला विचारत होती, "माजे पोरीनं नावच लिवलं ना? त्यान काय गुन्हा झाला?" क्लार्क म्हणाला, "मावशी, ते सरांना विचारा." सर मीटिंगला गेले होते. मी पाण्याच्या कूलरशी उभी होते. मला ती ओळखत नव्हती. मी ग्लास तिथेच ठेवला, लॅबमध्ये गेले आणि सात नंबरचं मशीन उगाचच उघडून पुसत बसले.

मी सरांवर चिडले. परीक्षकांवर चिडले. परदेशी मास्तरांवर चिडले, ज्यांना जगात इंग्रजीशिवाय नावं असतात हे सुचलं नाही. घरी येऊन नवऱ्यावर चिडले, ज्याचा काही संबंध नव्हता. तीन ऑक्टोबर मी चिडत आले. दर वर्षी नव्या पोरांना फळ्यावर लिहून देते, नाव इंग्रजीतच लिहा. कोणी विचारलं का, तर म्हणते सॉफ्टवेअरला मराठी येत नाही. पोरं म्हणतात, ओके मॅडम. त्यांच्या ओकेचाही मला राग येतो.

जागृतीनं पुढच्या वर्षी परत फॉर्म भरला, सगळे विषय काढले, डिप्लोमा पुरा केला. त्या काळात ती लॅबमध्ये यायची, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मशीन चालत नसलं तर हात वर करायची. मी जवळ गेले की खुर्ची सरकवून बाजूला व्हायची. बघा ना मॅडम, असं पुन्हा कधी म्हणाली नाही.

गेल्या सोमवारी तिचा फोन आला. डबा खायच्या वेळी. नंबर अनोळखी होता, आवाज नाही.

"मॅडम, मी जागृती. मनोरीची."

"बोल गं! कशी आहेस?"

"जॉब लागतोय. पुलांचे गर्डर बसवणारी कंपनी आहे, साइटवर. इंटरव्ह्यू झाला, घेतलं त्यांनी. कॉलेजचं वर्तणुकीचं सर्टिफिकेट मागतात. ऑफिसमध्ये गेले तर क्लार्क म्हणतो, तुझ्या रेकॉर्डवर शेरा आहे, तो लिहावा लागेल. फेरफार केला म्हणून."

"केला असं नाहीये त्यात," मी म्हणून गेले. "झाल्याचे दिसते, असं आहे."

मग मी सुटले. किती वाईट झालं, सर कसे वागले, ती नोटीस, ती घरं, मला अजून किती राग येतो, ऑक्टोबर आला की माझं डोकं कसं फिरतं, सगळं सांगितलं. डबा समोर गार झाला. ती ऐकत होती. मागे कुठेतरी बोटीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"झालं मॅडम?" तिनं विचारलं.

"हो."

"तुमचा राग मला काय कामाचा? मला तो त्या दिवशी पाहिजे होता. केबिनमध्ये. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्याकडे बघितलं पण नाही. मला सॉरी पण नको. मला कागद पाहिजे. कोणी केलं ते लिहिलेला. शुक्रवारच्या आत. देणार का, तेवढं सांगा."

मी म्हटलं, देते. म्हणायला एक सेकंद लागला. तो सेकंद तिनं ऐकला असणार.

कागद घेऊन बसले तर हातानं काय लिहावं? 'सदर फाईलमध्ये माझ्याकडून अनवधानाने फेरफार झाला असावा.' लिहून झाल्यावर वाचलं आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझ्याकडून. अनवधानाने. झाला असावा. एवढ्या शिव्या घातल्या त्या वाक्याला, आणि तेच माझ्या बोटांत मुरलेलं. फाडला. दुसरा लिहिला, त्यातही 'निदर्शनास आले' घुसलं. तोही फाडला. चौथ्या कागदावर जमलं. मी फाईल उघडली. मी नाव बदललं. मी मूळ प्रत ठेवली नाही. हे सगळं मी त्याच वेळी तोंडी सांगितलं, पण मला लिहू नका म्हटल्यावर मी लिहिलं नाही. मी खोट्या कागदावर सही केली. पूल तिचा होता. वाक्यं लहान झाली, पहिलीदुसरीतल्या पोरानं लिहावीत तशी. सोबत मशीनवरच्या फाईलची प्रिंट जोडली, सांध्यांचे आणि दांड्यांचे सगळे आकडे, दोन पानं.

सहकारी मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, "वेडी आहेस का? जूनला बाहेर काढतील तुला. तिला खासगीत लिहून दे ना, ऑफिसला कशाला?" मी म्हटलं, शेरा ऑफिसच्या दप्तरात आहे, माझ्या घरात नाही. मला भीती वाटत नाही असं नाही. मुलगी आठवीत आहे, नवऱ्याचं काम एक महिना असतं, एक महिना नसतं. भीती त्या दिवशीही एवढीच होती. तेव्हा मी त्या भीतीला माझ्याऐवजी बोलू दिलं.

आज शेवटची बॅच साडेतीनला सुटली. मी मशीनं बंद केली आणि कागद घेऊन ऑफिसच्या खिडकीशी गेले, तिची आई उभी होती त्याच खिडकीशी. क्लार्क तोच आहे. माणूस वाईट नाही. त्यानं कागद घेतला, घडी उलगडली, पण वाचला नाही. आवक रजिस्टर पुढे ओढलं, तारीख टाकली, क्रमांक टाकला.

"कोणाचं म्हणालात? ती मनोरीची मुलगी ना?" असं म्हणत त्यानं विषयाच्या रकान्यात लिहायला घेतलं, विद्यार्थिनीच्या फेरफाराबाबत.

"थांबा," मी म्हटलं. आवाज चढला होता, रांगेतली दोन-तीन पोरं वळून बघायला लागली. "ते खोडा. तिच्या नाही. माझ्या."